रोट खाल्लेलं झुरळ

झुरळ दिसलं की माझा हात आधी चपलेकडे जातो, डोकं मागून चालायला लागतं. लग्न होऊन जळगावच्या पिंप्राळ्यातल्या या घरात आले तेव्हापासूनचं हे वैर आहे. कणकेत बोरिक पावडर आणि साखर मळून गोळ्या करायच्या, त्या ओट्याखाली, मोरीत, सिलेंडरच्या मागे ठेवायच्या, आणि दर श्रावणाच्या तोंडावर फवारणीवाल्याला बोलावून त्याच्या मागे मागे फिरत 'इथे मारा, तिथे राहिलं' करत बसायचं. आमचे हे निवृत्त शिक्षक. ते म्हणतात, आपण घरात राहतो की पोलीस ठाण्यात तेच कळत नाही. न कळू दे. माझ्या स्वयंपाकघरात कोणी डबा उघडला आणि आत मिशा हलल्या, असं आजवर एकदाही झालेलं नाही.

अशा बाईच्या नशिबी झुरळं पाळणारी सून आली.

मुलासाठी मुलगी बघायला आम्ही धुळ्याला गेलो होतो. मुलगी तिथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होती. आवड काय, असं विचारलं तर म्हणाली, "प्राणी पाळायला आवडतात." मी मनात मांजर धरलं. फार तर ससा. पोहे चांगले झाले होते, मुलगी नजरेला नजर देऊन बोलत होती, मला तिथेच आवडून गेली. कुठले प्राणी, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. असं कोण विचारतं, सांगा.

लग्नानंतर सामान आलं. कपाट आलं, मिक्सर आला, आणि सगळ्यात शेवटी टेम्पोतून सुनेनं स्वतः उतरवून आणली ती एक काचेची पेटी. वर जाळीचं फडकं इलॅस्टिकनं घट्ट बसवलेलं, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे करून ठेवलेले. मी वाकून बघायला गेले. ट्रेच्या आडून माझ्या अंगठ्यापेक्षा लांब, जाडजूड, तपकिरी असं काहीतरी बाहेर आलं. पंख नाहीत, डोक्यामागे दोन टेंगळं, आणि मिशा अशा की आमच्या ह्यांना उभ्या जन्मात आल्या नाहीत. ते माझ्या तोंडाकडे वळलं आणि फुस्स करून आवाज काढला. झुरळानं मला उलट बोलायची ती पहिली वेळ.

"आई, ही मादागास्करची आहेत," सून म्हणाली. "चावत नाहीत, उडत नाहीत. नर घाबरला की असा फुसफुसतो."

"तो घाबरला?" मी म्हटलं, आणि पलंगावर बसून घेतलं.

चप्पल तेव्हाही पायातच होती. पण नवी नवरी समोर उभी, हातावरची मेंदी अजून उतरलेली नाही, तिच्यासमोर तिच्या माहेरच्या सामानावर चप्पल कशी उगारणार? मुलाला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं, पण तुला सांगायची हिंमत झाली नाही." बापावर गेलाय. शेवटी तह झाला. पेटी त्यांच्या खोलीत राहील, दार बंद राहील, आणि काचेच्या काठाला आतून बोटभर रुंद व्हॅसलीनचा पट्टा असेल. त्यावरून झुरळाचा पाय घसरतो आणि त्याला वर येता येत नाही, हे सुनेनं मला समजावून सांगितलं. इतकी वर्षं मी बोरिक पावडरीत घालवली आणि ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती, याचा मला थोडा रागच आला.

मग दिवस जायला लागले. सून रोज जळगाव-धुळे अप-डाउन करायची. संध्याकाळी दमून यायची, पण हातपाय धुऊन माझ्याजवळ भाजी निवडायला बसायची आणि तिची टकळी सुरू व्हायची. कॉलेजातली भांडणं, बसमधल्या बायका, कंडक्टरची कटकट, सगळं मला रोजच्या रोज कळायचं. आमच्या घरात तोवर संध्याकाळी बोलत होता तो फक्त टीव्ही. हे पेपरमागे, मुलगा मोबाइलमध्ये, आणि मी कोथिंबिरीशी. मला मुलगी नाही. ती असती तर कशी असती, हा विचार मी कधी केला नव्हता, आणि आता तो करायची गरजही उरली नव्हती. स्पष्टच सांगते, मला त्या पोरीचा लळा लागला.

गाजराची सालं मी तिच्या पेटीसाठी बाजूला काढायला लागले. फेकायचीच होती, असं सगळ्यांना सांगितलं. एक दिवस ती धावत आली, "आई, तिला पिलं झाली." माझ्या तोंडून, "सुखरूप?" असं निघून गेलं. बघितलं तर आईच्या पोटाखाली पांढरी पांढरी पिलं चिकटून बसलेली, आणि ती बया हलायला तयार नाही. त्या दिवशी साल न देता मी केळ्याची अख्खी फोड दिली. बाळंतीण ती शेवटी बाळंतीण.

आषाढात सुनेला थोरल्या जाऊबाईंच्या पाया पडायला साक्रीकडच्या त्यांच्या गावी नेलं. या आमच्या अक्का. नाना, म्हणजे माझे थोरले दीर, गेल्यापासून आमच्या सगळ्या भाऊबंदकीचा कारभार त्यांच्याच हातात आहे. अक्कांचा धाक असा की माझे मधले दीर, जे सावद्याला केळीच्या व्यापारात भल्याभल्यांना ओरडून गप्प करतात, ते अक्कांसमोर चहासुद्धा आवाज न करता पितात. अक्कांच्या घरामागे लगेच डोंगर आणि जंगल सुरू होतं. जेवण झाल्यावर सून म्हणाली, "आई, जरा मागे फिरून येऊ?" मी बापडी गेले.

तिथे एक कुजलेलं खोड आडवं पडलेलं होतं. तिनं ते ढकलून उलटं केलं आणि गुडघ्यावर बसली. खाली ओल्या भुश्यात काळी कुळकुळीत, बोटाएवढी झुरळं, आणि त्यांच्या आसपास पिलावळ. "ही आपल्याकडची," ती हळूच म्हणाली. "लाकूड खाऊन राहतात. घरात कधी येत नाहीत. आईबाप आणि पिलं सगळी एकाच खोडात." घरातली झुरळं मला चोरासारखी वाटतात, पण ही आपल्या घरी बसलेली होती आणि चोरासारखं त्यांचं छप्पर आम्ही काढलं होतं. मीच म्हटलं, "ठेव बाई ते परत, पोरं उघडी पडलीत." तिनं खोड जपून जागेवर ठेवलं, येताना एक सुटा ओंडका अभ्यासाला म्हणून खांद्यावर मारला.

अक्का ओट्यावरून बघत होत्या. खूष झाल्या. मला अहिराणीत म्हणाल्या, "सून कामनी शे तुनी. येताबरोबर लाकडे येचाले लागनी." मी मान हलवली. ओंडक्यात कोण बसलंय, हे सांगायला मला काय वेड लागलं होतं का.

आणि मग श्रावण आला आणि कानबाई आली.

आमच्या खानदेशात कानबाई म्हणजे काय, हे बाहेरच्यांना थोडं सांगावं लागतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ-डोळे लावून देवी बसवायची, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. या देवीचा नैवेद्य म्हणजे रोट. घराण्यातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्या गव्हाच्या पिठाचे गुळात मळून जाड रोट करायचे. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्या माणसाच्या तोंडी तुकडा जाता कामा नये, लग्न करून दिलेल्या मुलीच्यासुद्धा नाही, आणि एक कणही फेकायचा नाही. आमच्या सासऱ्यांच्या वेळी शेजाऱ्यांच्या बकरीनं खुंटी उपटून येऊन रोट खाल्ला होता. ज्यानं रोट खाल्ला तो घरचा, म्हणून सासऱ्यांनी ती बकरी विकत घेतली. तिला कोणी कापली नाही, विकली नाही. म्हातारी होऊन आमच्याच गोठ्यात मेली. ही गोष्ट आमचे हे दरवर्षी सांगतात आणि आम्ही दरवर्षी ऐकतो.

त्या वर्षी देवी आमच्याकडे बसायची होती. म्हणजे सगळे भाऊबंद पिंप्राळ्यात येणार, आणि अक्का आदल्या दिवशीपासून. अक्कांना पेटी दिसली तर सुनेचं नाव बठ्ठ्या, म्हणजे सगळ्याच्या सगळ्या, भाऊबंदकीत कायमचं खराब होणार. शिवाय फवारणीवाला यायचा होता, आणि त्या वासानं पेटीतली एकजात मरतील, हे सुनेनं मला आधीच सांगितलेलं. मी तिला म्हटलं, "कानबाईच्या आधी त्या पेटीचं काहीतरी बघ."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "हो आई. सोमवारी विसर्जन झालं की धुळ्याला नेते." थोड्या वेळानं म्हणाली, "तिकडेच एक खोली बघते. तास तिकडेच आहेत, अप-डाउन वाचेल. शनिवार-रविवार येत जाईन."

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण मला जमतं. मी, "बघ, तुला सोयीचं पडेल तसं," म्हटलं आणि स्वयंपाकघरात आले. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं आणि ह्यांनी मुकाट्यानं खाल्लं, म्हणजे त्यांनाही कळलं होतं. मुलगा आईकडे बघावं की बायकोकडे, या विचारात भिंतीकडे बघत बसला. फवारणीवाल्याला मी फोन करून या वर्षी येऊ नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "काकू, तब्येत बरी आहे ना?"

शनिवारी अक्का आल्या. पाणी प्यायल्या आणि लगेच पदर खोचून सफाई तपासायला निघाल्या. कानबाईच्या घरात जाळंजळमट, चिकटपणा काही चालत नाही. मी बाजारातून फुलं घेऊन येईपर्यंत त्यांनी पोराच्या खोलीचंही दार उघडलं होतं. पेटीवर आम्ही चादर टाकलेली. ती काढली, आत बघितलं तर अंड्यांचे ट्रे. दिवसा ही मंडळी आड बसून राहतात, त्यामुळे दिसलं काहीच नाही. काचेला बोट लावलं तर चिकट. झालं. अक्कांनी साबणाच्या पाण्यानं काठ आतून-बाहेरून स्वच्छ पुसला, जाळीचं फडकं काढून धुतलं, गच्चीवर वाळत घातलं आणि चादर परत टाकून ठेवली. आणि हे कोणालाही सांगितलं नाही, कारण केलेलं काम सांगत सुटायची त्यांना सवय नाही. पुरणाच्या गडबडीत सुनेचंही तिकडे लक्ष गेलं नाही.

रविवारी देवी बसली. फार सुंदर दिसत होती. दिवेलागणीला सगळे भाऊबंद जेवायला येऊन बसले. रोटांची टोपली देवीच्या बाजूला, पांढऱ्या फडक्यानं झाकलेली. अक्का रोट वाढायला वाकल्या आणि टोपलीतून आवाज आला, "फुस्स."

सगळे जागच्या जागी थिजले. पुन्हा, "फुस्स." फडकं जरासं हललं.

नागपंचमी नुकतीच झालेली. अक्का दोन पावलं मागे सरल्या, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "नागदेवता शे. हात जोडा बठ्ठा जन." आणि खरंच सगळ्या भाऊबंदकीनं टोपलीला हात जोडले. मधले दीर सोफ्यावर उभे राहून जोडत होते. आमच्या ह्यांनी डोळेसुद्धा मिटले. मी एकटीच हात न जोडता सुनेकडे बघत होते आणि ती माझ्याकडे. आम्हा दोघींना तो आवाज चांगला माहीत होता.

सून पुढे झाली. "थांब व पोरी," अक्का म्हणाल्या, पण तिनं फडकं उचललं. वरच्याच रोटावर तो मिशाळ बसलेला. कडेनं अर्धवर्तुळ कुरतडलेलं, आणि खाणं थांबवायची काही घाई नाही. तिनं त्याला अलगद तळहातावर घेतला.

"हाई काय शे?" अक्कांचा आवाज बारीक झाला. "इतलं मोठं झुरय?"

"माझं आहे, मोठ्या आई," सून म्हणाली. "मी पाळलंय. चूक झाली. उद्या मी ही सगळी घेऊन धुळ्याला जाते."

मधल्या दिरांना आता सोफ्यावरून आवाज फुटला. झुरळासमोर हात जोडले, याचा राग कुठेतरी काढायचाच होता. "आत्ताच्या आत्ता बाहेर टाका ते. कानबाईच्या घरात असली घाण? लेक्चरर सून केली म्हणे. आणि त्या टोपलीचं आता काय करायचं?" दोन-चार माना हलल्या. सून खाली बघून उभी होती आणि तिची बोटं त्या किड्याभोवती मिटलेली होती. माझं मला आवरेना. मी म्हटलं, "भाऊजी, आधी माझ्या सोफ्यावरून खाली उतरा. ते जाईल तर ही जाईल, आणि ही मला घरात हवी आहे."

एवढं मी भाऊबंदकीत पहिल्यांदाच बोलले.

अक्का पेटीच्या खोलीकडे बघत होत्या. मग गच्चीच्या जिन्याकडे बघितलं. फडकं, काठ, साबण, सगळं त्यांच्या ध्यानात येत गेलं, ते मला चेहऱ्यावर दिसलं. कोणासमोर कधी चूक कबूल केलेली बाई नाही ती, त्या दिवशीही केली नाही. टोपली उचलून पाटावर ठेवली आणि म्हणाल्या, "रोट फेकता येत नही. आन ज्यानी खादा, त्यालेबी फेकता येत नही."

"अक्का, झुरळ आहे ते," मधले दीर म्हणाले.

"आन ती बकरी काय मामलेदार व्हती?" अक्का म्हणाल्या. "हाऊ आते घरना शे. बठा जेवाले."

सगळे बसले. कुरतडलेला रोट कोणाच्या पानात जाणार, म्हणून जो तो दुसरीकडे बघायला लागला. अक्कांनी तो पेटीतल्या मंडळींसाठी सुनेच्या हातात दिला. घरच्यांनीच खायचा होता, घरच्यांनीच खाल्ला. माझा जीव भांड्यात पडला. सोमवारी विसर्जन झालं, फडकं वाळलं होतं, सुनेनं काठाला नवं व्हॅसलीन लावलं. धुळ्याच्या खोलीचं नाव निघालं नाही आणि मीही काढलं नाही. जाताना मधल्या दिरांनी सावद्याहून आणलेल्या केळ्यांची एक फणी त्या खोलीच्या दाराशी ठेवली.

पुढच्या वर्षी कानबाई अक्कांकडे होती. आम्ही आदल्या दिवशी साक्रीकडे गेलो, तर अक्कांचा पहिला प्रश्न, "तो कसा शे?" बरा आहे म्हटलं. मग रोटाचे गहू घ्यायला बसलो. अक्का पोत्यातून मूठ घेणार, मोठ्यानं नाव घेणार, सुपात टाकणार. मधल्या दिरांची सव्वा मूठ, त्यांच्या मुलांची, अक्कांच्या मुलांची, ह्यांची, माझ्या पोराची. सगळी नावं झाली असं वाटलं, आणि अक्कांनी चिमूटभर गहू आणखी उचलले. "हाई त्यानी," म्हणाल्या. "नर शे ना तो?"

सगळे हसले. सून तर डोळे पुसायला लागली हसून हसून. मीही हसले, आणि हसता हसता माझं टाळकं फिरलं. या घराण्यासाठी रोट थापता थापता माझे केस पिकले. माझ्या नावाचा गव्हाचा एक दाणा त्या सुपात कधी पडला नाही, आणि मादागास्करचं झुरळ एका वर्षात चिमूट घेऊन बसलं. ते मी तसंच्या तसं बोलले. "अक्का, त्याची घेतली. मग हिची कुठाय? आणि माझी?"

हसणं थांबलं. अक्का सुपातल्या गव्हाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मनी बी कधी नव्हती. त्यासनी व्हती, ती बी गई." नानांबद्दल बोलत होत्या. मग त्यांनी पोत्याचं तोंड माझ्याकडे वळवलं. "टाक."

पहिली मूठ मी सुनेची टाकली, तिचं नाव मोठ्यानं घेऊन. मग अक्कांची. शेवटी माझी घेतली ती घाईघाईत. सव्वाच्या जागी भसकन दोन मुठी पडल्या. मी जास्तीचे गहू परत काढायला गेले, तर अक्कांनी माझं मनगट धरलं.

"पडू दे," म्हणाल्या. "इतला वरीसनं बाकी राहेल शे."